आधी टेकव, मग ओत

किटलीचं तोंड आधी कपाच्या कडेला टेकवायचं, टेकल्याचा बारीक आवाज ऐकायचा आणि मगच चहा ओतायचा. बाकीच्या बायकांना हे करावं लागत नाही. कप कुठे आहे हे त्यांना दिसतं. कप मलाही दिसतो, पण तो माझ्यापासून किती लांब आहे ते दिसत नाही. माझा डावा डोळा मी दुसरीत असताना गेला. समोरच्याला पटकन काही कळत नाही, कारण डोळा जागेवर आहे, हलतो, पाणीही येतं त्याला. फार निरखून पाहिलं तर बुबुळाशी तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसतो. पण एवढं निरखून माझ्याकडे पाहतंय कोण?

एक डोळा गेला म्हणजे अर्धं जग दिसतं, असं लोकांना वाटतं. काही तरी बरळतात. जग सगळं दिसतं, फक्त हाताच्या पल्ल्यातल्या वस्तू फसवतात. सुईचं नेढं, दाराची कडी, पायरीची कड, कोणी पुढे केलेला प्रसादाचा हात. अमरावतीच्या डॉक्टरांनी लहानपणीच मला समजावलं होतं की दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात, आणि दोन्हींत किती फरक आहे त्यावरून डोकं अंतर ठरवतं. हा फरक जवळच्या वस्तूंपुरताच मोठा असतो. लांबच्या वस्तू सगळे अंदाजानंच पाहतात. पाऊस येऊन गेला की मोर्शीकडून मेळघाटाचे डोंगर एकदम जवळ येऊन बसल्यासारखे दिसतात आणि गावातले दोन डोळ्यांचे शहाणे म्हणतात, "आज डोंगर जवय आले." तेव्हा मला फार बरं वाटायचं. डोंगराच्या बाबतीत सगळं गाव माझ्यासारखंच होतं.

जवळच्या वस्तूंसाठी मी माझ्या युक्त्या शोधल्या. वस्तूची सावली पाहायची. कोण कोणाला झाकतंय ते पाहायचं. आणि मान हलवायची. मान थोडी डावीउजवी केली की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. ही सगळ्यात चांगली युक्ती होती आणि तीच आईनं मोडून काढली. "कोंबडीवानी मान काहून हालवतं व? लोक पाह्यतात!" असं म्हणायची आणि मानेवर चापट द्यायची.

आमचं घर फुलांवर चालायचं. मोर्शीच्या बाजूला थोडं शेत, त्यात झेंडू, शेवंती, निशिगंध, आणि अमरावतीत देवळाच्या रस्त्यावर हारांचं दुकान. बाबा फुलं आणायचे आणि गिऱ्हाईक सांभाळायचे. आई ओवायची. हाराची सुई शिवणाच्या सुईपेक्षा कितीतरी लांब असते. पाचसहा फुलं तिच्यावर चढवायची, दोऱ्यावर सारायची आणि मग दोरा ताणायला सुईचा हात बाजूला पुरता लांबवायचा. हे इतक्या झपाट्यानं चालतं की ओवणारीचं सुईकडे लक्षसुद्धा नसतं. म्हणून आमच्या धंद्यात एक नियम असतो, तो पोरांना बोलायच्या आधी कळतो: हाराला बसलेल्या बाईच्या हाताच्या पल्ल्यात जायचं नाही. मागून जायचं किंवा थांबायचं.

दसऱ्याचे दिवस होते. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आई सकाळपासून ओवत होती. तिनं मान वर न करता हाक मारली, "झेंडू सरक इकडं." मी टोपली ओढत तिच्या उजव्या बाजूला गेले आणि वाकले. त्याच वेळी तिनं दोरा ताणला.

मला दुखल्याचं आठवत नाही. आठवतो तो आईचा आवाज. ती ओरडली, "जवय काहून आली!" मी रडायच्या आधी ती हे ओरडली. त्यानंतर डॉक्टरांना, आजूबाजूच्या दुकानदारांना, मावशांना, शाळेतल्या बाईंना तिनं हेच सांगितलं, की पोरगी जवळ आली. हाकेचं कोणालाच सांगितलं नाही. मी एकदा बाबांना सांगितलं. आई तेव्हा आत भाकरी थापत होती. ती बाहेर आली आणि पिठाच्या हातानं मला असं हाणलं की गालावर पाच बोटं पांढरी उमटली. बाबा हसले. त्यांना ती बोटं गमतीची वाटली असावीत. मला आजही त्या हसण्याचा राग येतो.

पुढची वर्षं बरी गेली. शाळेत मला चेंडू झेलायला कोणी बोलावत नव्हतं, एवढंच. बीए झाले आणि घरात स्थळांचं बोलणं सुरू झालं, तशी आई बदलली. आधी ती माझ्या डोळ्याबद्दल बोलत नसे. आता दुसरं काही बोलेना. लग्नाआधी हे कोणाला कळता कामा नये. कळलं तर पोरगी घरात राहील. घरात राहिलेल्या पोरीकडे पाहून रोज जे आठवेल ते तिला नको होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटायचं की तिला माझी काळजी आहे.

तिनं मला तालीम दिली. दुसरा शब्द नाही त्याला. दुपारी दुकानातून आली की ओट्यावर कप मांडायची आणि किटलीत पाणी भरून माझ्या हातात द्यायची. ओत. पाणी बाहेर पडलं की मनगटावर फटका. मग फडकं माझ्या अंगावर टाकायची आणि म्हणायची, "पूस." हळूहळू मला जमू लागलं, तर तिनं खेळ अवघड केला. मी पाणी भरायला वळले की ती कप बोटभर सरकवून ठेवायची. एका डोळ्याचं माणूस नजरेवर कमी आणि आठवणीवर जास्त ओततं. कप मघाशी जिथे होता तिथेच आहे, असं हात धरून चालतो. ती हे कसं शिकली देव जाणे, पण नेमकं माझं दुखणं ओळखून ती त्यावर बोट ठेवायची. शेवटी टेकवण्याची युक्तीही तिनंच काढली. "आधी टेकव, मंग ओत. हयू टेकव, आवाज नको. पाह्यणाऱ्याले वाटलं पायजे का पोरगी नाजूक आहे."

मान हलवायची नाही. पायरी उतरताना पदर सावरल्यासारखं करून आधी टाचेनं चाचपायचं. कोणी काही दिलं तर दोन्ही हात पसरून घ्यायचं, म्हणजे संस्कार दिसतात. संध्याकाळी पाहुण्यांसमोर यायचं नाही, कारण दमले की माझा डावा डोळा किंचित बाहेर सरकतो. फोटो उजव्या बाजूनं. सगळं पाठ झालं. मी इतकी तयार झाले की एखादी आंधळी बाई तिच्या घरात जशी बिनधास्त फिरते तशी मी लोकांत फिरू लागले. बाबा कौतुकानं पाहायचे. त्यांना वाटायचं की डोळा सुधारतोय. भोळा माणूस होता, आणि भोळेपणासारखी सोय नाही.

अकोल्याचं स्थळ आलं. मुलाचं खताबियाण्याचं दुकान, घर स्वतःचं, वडील नाहीत, आई जाणती. पाहायला सकाळीच या, असं आम्हीच सांगितलं. मुलगा दिसायला चांगला होता. तो फोनमध्ये पाहत होता आणि त्याची आई माझ्याकडे. मी चहा घेऊन गेले. पहिल्या कपाला किटली टेकवली, हळू, आवाज न करता. दुसऱ्याला टेकवली. तिसऱ्याला टेकवताना मी सहज वर पाहिलं, तर त्या बाईची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, किटलीच्या तोंडावर होती. पण ती गोड हसली आणि म्हणाली, "पोरगी मोठी निगुतीची आहे." आईचा चेहरा असा फुलला की मी तिला माफ करायच्या बेताला आले होते. निघताना ती बाई आईला घेऊन तुळशीकडे गेली. दोघी बराच वेळ उभ्या होत्या. होकार तिथेच मिळाला.

तालीम मात्र थांबली नाही. आता हाराची तालीम. अंतरपाट सरला की नवऱ्याच्या गळ्यात हार घालायचा, तो सगळ्या मांडवासमोर. आई स्टुलावर बसायची, मी तिच्या गळ्यात दोरीचा फेरा टाकायचे. नाकावर लागला की फटका. शेवटी मी डोळे मिटूनही टाकू शकत होते. दोरीचा फेरा मोठा होता आणि आई हलत नव्हती, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

आणि मग बाबांनी हार केला. सगळ्या गावाच्या लग्नांचे हार करणारा माणूस, त्याच्या एकुलत्या पोरीचं लग्न. "असा हार करतो का अकोल्यावाले पाह्यतच राह्यले पायजे," म्हणाले. त्यांनी तो स्वतः ओवला, कोणाला हात लावू दिला नाही. पांढरी शेवंती, त्यात गुलाब, मधे निशिगंधाचे तुरे, दंडाएवढा जाड. हार जितका भरगच्च, तितका त्याचा आतला फेरा लहान होतो. हे आमच्या धंद्यातल्या पोरालाही माहीत असतं, आणि तालमी करणाऱ्या माझ्या आईला, हार करणाऱ्या बाबांना, लहानपणापासून फुलांत वाढलेल्या मला, तिघांनाही तो फेरा दिसला नाही. आम्ही फुलंच पाहत बसलो. दुसऱ्या कोणाच्या दुकानातून हार आणला असता तर बरा सैल मिळाला असता.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट गेला आणि नवऱ्याच्या मित्रांनी त्याला वर उचललं. आमच्याकडे उचलतातच. तो वर गेला, मागे कलला, हसत होता. मी हार टाकला. तो त्याच्या कपाळावर आपटला आणि फेटा मागे पडला. मांडव हसला. पुन्हा टाकला, तर एका कानावर अडकून खाली लोंबला, निशिगंधाची फुलं त्याच्या तोंडात गेली. आता मांडव खिदळू लागला. कोणी तरी ओरडलं, "नवरी घाबरली रे!" कॅमेरावाला म्हणाला, "ताई, अजून एकदा, मस्त येऊन राह्यलं." आईकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत पदर तोंडात धरून उभी होती आणि मी कपाबाहेर पाणी सांडलं की जशी पाहायची तशीच पाहत होती. तिसऱ्या वेळी कोणी तरी माझं मनगट पकडलं. सासू होती. तिनं माझा हात आपल्या हातानं नेला आणि हार बरोबर गळ्यात बसवला. टाळ्या झाल्या. नवरा खाली उतरला तेव्हा हसत नव्हता. त्यानं माझ्या गळ्यात हार घातला, बरोबर, एका फटक्यात, आणि हळूच म्हणाला, "इज्जत काढली लोकाईत."

संध्याकाळी अकोल्याला पोचलो. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं होतं. ते उजव्या पायानं लवंडायचं आणि आत यायचं. दिवस मावळलेला, मी दमलेली, डोळा सरकलेला, दारातल्या दिव्यानं सावली भलतीकडे पडलेली. मी पाय उचलून थांबले. माप एक वीत आहे की हातभर, काही कळेना. सासूनं आपल्या पायाच्या अंगठ्यानं ते माप माझ्या पायाला लागेपर्यंत सरकवलं. माझ्या कानाशी वाकून, आशीर्वाद दिल्यासारखं बोलली, "चहाच्या दिवशीच समजलं मले. टेकवून ओतत होती तू."

मी विचारलं, "मंग हो काहून म्हटलं?"

"दोन डोयाची पोरगी टिकली असती का इथं?" ती म्हणाली. "चाल. माप पाड."

मी माप पाडलं. तांदूळ सांडले, बायकांनी ओव्या धरल्या.

टिकणं म्हणजे काय ते आठवड्यात कळलं. भाजीत मीठ कमी होतं, असं काही तरी होतं. थापड डावीकडून आली. नवरा उजव्या हाताचा आहे, समोरासमोर उभा राहून मारलं की त्याचा उजवा हात माझ्या डाव्या गालावर येतो, त्यात त्याला काही शोधावं लागलं नाही. पण पुढे तो मुद्दाम त्या बाजूनं यायला लागला. उजवीकडून हात आला तर मी मान चुकवते, डावीकडून येतो तेव्हा तो लागल्यावरच समजतो. हे त्याला आवडायचं. एकदा मला हुलकावणी देऊन, न मारता, नुसता हात गालाशी आणून तो हसला होता. मी तशीच शांत उभी होते, कारण मला हात दिसलाच नव्हता. मला त्याचा जेवढा तिरस्कार त्या हसण्यानं वाटला तेवढा कुठल्या मारानं वाटला नाही. तेव्हापासून मी घरात डावी बाजू भिंतीला लावून बसते. सुनेला कोपरा आवडतो, असं सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सासू गेली. नवऱ्याचा हात आता वयानं मंदावलाय, तोंड नाही.

माहेरी मी यातलं काही बोलले नाही. बाबांना त्यांच्या हाराचा व्हिडिओ शेवटपर्यंत प्यारा होता. दुकानात बसून गिऱ्हाइकांना फोनवर दाखवायचे, तो कपाळावर आपटलेला भाग पुढे सरकवून. ते गेले तेव्हाही त्यांना वाटत होतं की आपण पोरगी बरोबर पोचवली.

यंदा उन्हाळ्याआधी आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. मी अकोल्याहून अमरावतीला गेले, तिला दवाखान्यातून घरी आणलं. डोळ्यावर पट्टी होती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. गॅसजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. ऐकेल तर ती आई कसली! दुपारी ओट्याशी उभी राहून तिनं दोन कप मांडले आणि किटलीत चहा ठेवला. मी बाजूला बसले होते, सवयीनं, भिंतीला टेकून.

तिनं साखरेच्या डब्याकडे हात नेला आणि तो डब्याच्या अलीकडेच मिटला. पुन्हा नेला. डबा लवंडला. "आता वं माय," ती म्हणाली आणि हसली. "एका दिवसात माहे असे हाल. तू कसं काढलं इतकं?"

इतक्या वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं. मी उठून तिला धरणारही होते. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पण कोनाले समजू नाई देलं मी. सांग, देलं का?"

मग मी सांगितलं. मला ते तिला लागेल असंच सांगायचं होतं. "त्याईले पयल्या दिवसापासून माहीत होतं, माय. सासूनं किटलीवरून ओयखलं होतं."

आई दचकली नाही. तिनं चहाला उकळी येऊ दिली, गॅस बारीक केला. "मले माहीत आहे," ती म्हणाली. "तुयशीपाशी सांगतलं तिनं मले. म्हणे पोरीचा डोया गेला आहे, आमाले दिसलं. आमच्या पोराचा हात लवकर उठते, तुमी पाहून घ्या. म्हणे बरोबरीचं झालं."

"आन् तू हो म्हटलं?"

"नाई तं काय करू? घरात ठेवू तुले?"

"मंग तो हाराचा सराव? ते फटके? सगयं माहीत होतं तं कशाले केलं?"

"मांडवातल्या लोकाईसाठी," आई म्हणाली, जणू मी भाजीचा भाव विचारला. "तुह्या बापासाठी. त्याले वाटत होतं, जमलं. वाटू देलं."

मी म्हटलं, "हाक तू मारली होती, माय. दसऱ्याले. मी मनानं नाई आली."

मला वाटलं, आता बोलेल. एवढंच हवं होतं मला तिच्याकडून. बाकी सगळं मी सोडून दिलं असतं, नवऱ्यासकट. तिनं पट्टी चाचपली, पदर सारखा केला.

"तू जवय आली होती," ती म्हणाली आणि किटली घ्यायला गॅसकडे वळली.

मी तिचा कप बोटभर सरकवला.

तिनं किटली आणली, मघाशी कप होता तिथे धरली आणि ओतली. चहा ओट्यावरून ओघळून तिच्या पावलावर पडला. ती कळवळली, किटली कशीबशी खाली ठेवली आणि दिसतं त्या एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते तिला समजलं होतं. हा खेळ तिचाच होता.

"आधी टेकव," मी म्हटलं, "मंग ओत." आणि ओट्यावरचं फडकं तिच्या अंगावर टाकलं. "पूस."